इशारा वेळेवर मिळतो, तरी टोर्नेडोत माणसं का मरतात?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत टेनेसी राज्यात राहते. मार्च-एप्रिल आला की तिच्या फोनवर टोर्नेडोचे, म्हणजे वादळी ढगातून सोंडेसारख्या जमिनीवर उतरणाऱ्या चक्राकार वाऱ्याचे, इशारे येऊ लागतात, गावात भोंगे वाजतात, टीव्हीवाले रडारचं चित्र लावून रस्त्यांची नावं घेत वादळ कुठवर आलं ते सांगतात. एवढं सगळं असूनही एकेका रात्रीत पन्नास-शंभर माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. मग तंत्रज्ञान कमी पडतं तरी कुठे? आणि असलं काही मुंबईत होऊ शकतं का?

मी हयातभर हवामान अंदाजाचं काम केलं आणि नंतरची बरीच वर्षं आपत्ती नियोजनात घालवली. या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देववत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. इशाऱ्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एकच टोर्नेडो साडेतीन तास धावत गेला आणि ६९५ माणसं मेली. त्या काळी तिथल्या हवामान खात्याच्या अंदाजात टोर्नेडो हा शब्दसुद्धा वापरायचा नाही असा दंडक होता. लोक घाबरून पळापळ करतील ही भीती. पहिला यशस्वी अंदाज आला तो १९४८ साली, ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर. २० मार्चला तळावर टोर्नेडो आदळून विमानांचं मोठं नुकसान झालं. फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांनी लगेच जुने नकाशे काढून अभ्यास केला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तीच लक्षणं पुन्हा दिसली. त्यांनी अंदाज दिला, विमानं आत घेतली गेली आणि संध्याकाळी टोर्नेडो खरोखर त्याच तळावर आला. आज अमेरिकेत वर्षाला सरासरी सत्तरच्या आसपास माणसं टोर्नेडोत जातात. लोकसंख्या १९२५ च्या तिपटीच्या घरात गेलेली असताना हा आकडा लहान आहे.

पण मग २०११ उजाडतं. त्या एका वर्षात ५५३ मृत्यू. त्यातले तीनशेहून अधिक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या एकाच उद्रेकात, म्हणजे लागोपाठ आलेल्या अनेक टोर्नेडोंत, आणि त्यांतले बहुतेक २७ एप्रिल या एकाच दिवशी. त्या दिवशी इशारे चुकले का? नाही. धोक्याचा अंदाज काही दिवस आधीपासून होता. प्रत्यक्ष इशारा आणि टोर्नेडो यांमध्ये सरासरी वीस मिनिटांहून जास्त वेळ मिळाला, आणि अंदाजाच्या धंद्यात वीस मिनिटं म्हणजे चैन. अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा शहरात शिरणारा टोर्नेडो तर लोकांनी टीव्हीवर थेट पाहिला. तरी माणसं गेली, आणि बहुतेक जण इशारा दिलेल्या हद्दीतच, इशारा चालू असतानाच गेली.

म्हणून माझं उत्तर असं आहे: इशारा हे काम अर्ध्यावर सोडतो. उरलेलं अर्धं काम असतं इशारा माणसापर्यंत पोचणं, त्याचा विश्वास बसणं आणि त्याला जायला पक्की जागा असणं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ती मिनिटांत होत नाही, घर बांधतानाच व्हावी लागते.

आता जरा रडारकडे जाऊ. अमेरिकेत सुमारे १६० डॉप्लर रडारचं जाळं आहे, ते १९९० च्या दशकात उभं राहिलं. डॉप्लर रडार पावसाचे थेंब नुसते पाहत नाही, ते रडारच्या दिशेने येताहेत की लांब जाताहेत हेही सांगतं. पडद्यावर जवळ येणारा वारा हिरवा, लांब जाणारा लाल. एखाद्या ढगात भडक हिरवा ठिपका आणि भडक लाल ठिपका अगदी चिकटून दिसले की समजायचं, इथे हवा गरगर फिरते आहे. अंदाजकार त्या जोडीकडे डोळे लावून बसलेला असतो. चार-पाच मिनिटांनी नवं चित्र येतं. जोडी घट्ट झाली का, खालच्या थरात उतरली का? तेवढ्यात दुसऱ्या ढगात तसलीच जोडी उगवते. इशाऱ्याची कळ दाबायची की आणखी एक चित्र पाहायचं, एवढाच निर्णय असतो, पण त्या पाच मिनिटांत टोर्नेडो सात-आठ किलोमीटर पुढे गेलेला असू शकतो.

अडचण अशी की ढगात फिरणारी हवा दिसली म्हणजे जमिनीवर टोर्नेडो उतरलाच असं नाही. अशा फिरत्या ढगांतले जेमतेम चौथा हिस्सा, बहुधा त्याहूनही कमी, टोर्नेडो घालतात. बाकीचे गरजून, गारा टाकून निघून जातात. शिवाय पृथ्वी गोल आहे. रडारचा सगळ्यांत खालचा किरण शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून दीड किलोमीटर वर गेलेला असतो, आणि आपल्याला हवं असतं ते घडतं शेवटच्या काही शे मीटरमध्ये. आताची सुधारलेली रडारं हवेत उडालेला कचराही ओळखतात, पत्रे, फळ्या, झाडांच्या फांद्या. ती खूण दिसली की शंका उरत नाही, पण तोवर कुणाचं तरी घर गेलेलं असतं.

गॅसवर दूध ठेवलं की ते उतू जाणार हे कळतं, पातेल्याच्या कुठल्या कडेने ते कळत नाही. टोर्नेडोच्या अंदाजाचं अगदी असंच आहे. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा वर येते, पश्चिमेच्या उंच पठारांवरून कोरडी हवा तिच्यावर पसरते, वर जोरदार वाऱ्यांचा झोत असतो. हे सगळं जुळून येणार हे दोन-तीन दिवस आधी सांगता येतं. कुठल्या गल्लीतून टोर्नेडो जाईल हे मात्र दहा-पंधरा मिनिटं आधीच, तेही ढोबळपणे.

याचा परिणाम म्हणजे दिलेल्या दहा इशाऱ्यांतले सहा-सात फुकट जातात. मी फुकट म्हणतो ते आकडेवारीच्या हिशेबाने. इशाऱ्याच्या हद्दीत राहणाऱ्या सामान्य माणसाच्या अनुभवात तर दहातले दहा फुकट जातात, कारण टोर्नेडो गावाच्या एका बाजूने शे-दोनशे मीटर रुंदीचा पट्टा कापत जातो आणि उरलेल्या गावाला नुसता पाऊस लागतो. मग लोक शिकतात काय? भोंगा वाजला तर आधी दारात जाऊन आकाश बघायचं.

मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे २०११ ला हेच घडलं. रविवारची संध्याकाळ होती. पहिला भोंगा वाजल्यापासून टोर्नेडो दाट वस्तीत शिरेपर्यंत वीस मिनिटांहून अधिक वेळ होता. नंतरच्या सरकारी पाहणीत आढळलं की पहिला भोंगा ऐकून फारच थोडे लोक आडोशाला गेले. बाकीच्यांनी आणखी एखाद्या खुणेची वाट पाहिली: टीव्हीवरचा आवाज, शेजाऱ्याचा फोन, दुसरा भोंगा, किंवा डोळ्यांना दिसणारं वादळ. आणि हा टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड होता, डोळ्यांना दिसलाच नाही. १५८ माणसं गेली. १९५० नंतर एकट्या टोर्नेडोने घेतलेला तिथला हा सर्वांत मोठा बळी.

या लोकांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. खात्री करून घेणं हा माणसाचा स्वभाव आहे. आपल्याकडे गल्लीत आरडाओरडा झाला तर आपणही आधी खिडकीत येतो, मग शेजारच्या वहिनींना विचारतो, मग पायात चपला घालतो. इशारा देणाऱ्याने माणसाचा हा स्वभाव गृहीत धरूनच वेळ मोजायला हवा. पंधरा मिनिटांतली पाच-सात मिनिटं खात्री करण्यात जाणार. मग घरातली म्हातारी माणसं, लहान मुलं, कुत्रं. उरली किती?

जॉप्लिनबद्दल आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. तिथल्या ८० टक्क्यांच्या आसपास घरांना तळघरच नव्हतं. म्हणजे ज्यांनी पहिल्या भोंग्याला मान दिला त्यांच्यापैकी पुष्कळांनाही घरातल्या मधल्या कपाटात किंवा न्हाणीघरात बसण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं. मोठ्या दुकानांत शिरलेल्यांची आणखी वेगळी गत. त्या दुकानांच्या भिंती म्हणजे उभ्या केलेल्या काँक्रीटच्या अजस्र लाद्या. त्यांना तोलून धरतं ते छत. छत उडालं की भिंती एकामागून एक पडतात.

घर कसं पडतं हे नीट समजून घ्या, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. अमेरिकेतली बहुतांश घरं लाकडी सांगाड्याची असतात. वारा आधी गॅरेजचं रुंद, हलकं दार आत ढकलतो. मग घरात शिरलेली हवा छताला खालून उचलते, बाहेरून जाणारा वारा त्याला वरून ओढतो. छताच्या तुळया भिंतीवर तिरक्या ठोकलेल्या दोन-तीन खिळ्यांनी बसवलेल्या असतील तर ते खिळे सरळ उपटून येतात. छत गेलं की भिंतींना डोकं उरत नाही. याच जागी खिळ्यांऐवजी लोखंडी पट्टी ठोकली, अगदी स्वस्तातली, तर मध्यम ताकदीच्या टोर्नेडोत घराचं छत टिकू शकतं. आणि टोर्नेडोतले बहुसंख्य मध्यम किंवा दुबळेच असतात. ही पट्टी सक्तीची करा म्हणून तिथले अभियंते वर्षानुवर्षं सांगताहेत. ओक्लाहोमातल्या मूर शहराने २० मे २०१३ च्या टोर्नेडोनंतर बांधकामाचे नियम कडक केले. त्या टोर्नेडोत २४ माणसं गेली, त्यांत एकाच प्राथमिक शाळेतली सात मुलं होती. शाळेला सुरक्षित खोली नव्हती. इशारा पंधरा-सोळा मिनिटं आधी आला होता. शिक्षकांनी मुलांना मार्गिकेत बसवलं, वर स्वतः वाकले. इशाऱ्याने आणि शिक्षकांनी आपापलं काम चोख केलं होतं, भिंतीने केलं नाही.

आता सगळ्यांत गरीब घरांकडे येऊ. तिथे कारखान्यात तयार होऊन चाकांवरून आणलेली, विटांच्या ठोकळ्यांवर टेकवलेली घरं असतात, मोबाइल होम म्हणतात त्यांना. देशातल्या घरांत त्यांचा वाटा सहा-सात टक्के, पण घरात असताना टोर्नेडोत मरणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं त्या घरांतली. ३ मार्च २०१९ ला अलाबामातल्या ली काउंटीत २३ माणसं गेली, बहुतेक सगळी अशाच घरांत. अशा घराला जमिनीशी बांधणारे पट्टे गंजलेले किंवा मुळातच नसले की ते घर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्यातही उलटतं. त्यात बसून राहणं म्हणजे मरण, आणि बाहेर पडायचं तर पक्का निवारा कित्येक किलोमीटरवर, बाहेर काळोख आणि गारा.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. तिकडे इशाऱ्याच्या दोन पायऱ्या असतात. पहिली ‘वॉच’, म्हणजे पुढच्या काही तासांत तुमच्या भागात टोर्नेडो होण्याजोगी हवा आहे. ही पायरी ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या केंद्रातून जाहीर होते. दुसरी ‘वॉर्निंग’, म्हणजे आता, या क्षणी, लपा. ती स्थानिक कार्यालय देतं. तळघर असलेल्या माणसाला वॉर्निंग पुरते, तो तीस पावलांत सुरक्षित असतो. मोबाइल होममध्ये राहणाऱ्याला वॉर्निंगचा काहीच उपयोग नाही. त्याच्यासाठी वॉच हाच खरा इशारा. त्याने त्या वेळीच, आकाश निरभ्र असताना, उठून नातेवाइकांकडे किंवा सार्वजनिक निवाऱ्यात जायला हवं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला जाणाऱ्या बाईने, दोन मुलं काखोटीला मारून, वर्षातून आठ-दहा वेळा असं करावं अशी अपेक्षा आपण ठेवतो, आणि तिने केलं नाही की तिने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं असं अहवालात लिहितो. हे मला फार टोचतं.

याच्या उलट उदाहरण कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गचं. ४ मे २००७ च्या रात्री सर्वोच्च श्रेणीचा टोर्नेडो या दीड हजार वस्तीच्या गावावरून गेला. गावातली सुमारे ९५ टक्के घरं जमीनदोस्त झाली, पण मृत्यू अकराच्या आसपास. भोंगे वेळेवर वाजले हे खरं. त्याहून खरं हे की कॅन्ससमध्ये घराला तळघर असणं ही रीत आहे. लोक जिना उतरून खाली गेले आणि सकाळी वर आले तेव्हा वर घर नव्हतं.

टोर्नेडोचं नाव काढलं की डोळ्यांपुढे कॅन्ससची मोकळी मैदानं येतात, पण मृत्यूंचं केंद्र तिथे नाही. ते आग्नेयेला आहे: अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, केंटकी. तिथे टेकड्या आणि झाडी असल्याने लांबचं दिसत नाही. हिवाळ्यातही टोर्नेडो होतात, तेव्हा वादळं ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरने धावतात आणि दिवस लहान असल्याने पुष्कळदा रात्री येतात. रात्रीचा टोर्नेडो दिवसाच्या टोर्नेडोपेक्षा जीवघेणा ठरण्याची शक्यता दुपटीहून जास्त. भोंगा मुळात घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, बंद खिडक्यांआड झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. फोन सायलेंटवर, किंवा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. ३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर टेनेसीतल्या कुकव्हिलमध्ये १९ माणसं अशी अंथरुणातून उचलली गेली. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतलं मेफिल्ड गाव उद्ध्वस्त झालं. तो टोर्नेडो सुमारे २६५ किलोमीटर जमिनीवर राहिला, ५७ बळी गेले. मेफिल्डमध्ये मेणबत्त्यांच्या कारखान्यात रात्रपाळी चालू होती, नाताळच्या मागणीचे दिवस. इमारत कामगारांच्या अंगावर आली. पाळी सोडून जायचं का, हा निर्णय कामगाराच्या हातात कितपत असतो हे मुंबईत गिरणगाव पाहिलेल्यांना मी सांगायला नको.

उद्रेकाच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते, एकट्यादुकट्या टोर्नेडोत ती घडत नाही. २७ एप्रिल २०११ च्या पहाटे अलाबामातून वादळांची एक रांग गेली. तिने लाखो घरांची वीज घालवली, टॉवर पाडले, हवामान रेडिओचे काही प्रक्षेपक बंद पाडले. दुपारनंतर खरे राक्षस आले तेव्हा पुष्कळ लोकांकडे टीव्ही नव्हता, इंटरनेट नव्हतं, फोनची बॅटरी उतरली होती. शिवाय सकाळचं वादळ पाहून अनेकांना वाटलं, संकट येऊन गेलं. म्हणजे उद्रेक इशाऱ्याची यंत्रणाच आधी मोडतो आणि मग माणसांवर येतो.

वाटेत एक सूचना, कारण आपल्याकडच्या सवयीशी तिचा संबंध आहे. पावसात आपले दुचाकीवाले उड्डाणपुलाखाली थांबतात. अमेरिकेतही टोर्नेडो दिसला की पुलाखाली गाड्या लावून आडोसा घेण्याची चाल पडली होती. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेली माणसं मेली, कारण पुलाच्या अरुंद फटीत वारा आणखी जोर धरतो आणि उडणारा मलबा थेट तिथेच शिरतो. गाडीने पळणंही तसंच. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्याच एल रीनोजवळ हजारो लोक एकाच वेळी गाड्या घेऊन निघाले, महामार्ग तुंबले. टोर्नेडोने ज्या आठ जणांचा बळी घेतला ते वाहनांतलेच, आणि त्यांत टोर्नेडोचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले टिम समारासही होते. खिडक्या उघडून दाब कमी करायचा हा जुना सल्लाही साफ चुकीचा. खिडकी उघडली की वाऱ्याला घरात शिरायला आयतीच वाट मिळते.

आता मुंबई. जॉप्लिनसारखा टोर्नेडो मुंबईवर येईल ही भीती मनातून काढून टाका. समुद्रावर किंवा किनाऱ्याला एखादी छोटी, अल्पजीवी सोंड उतरू शकते, पण त्या प्रचंड वादळांना लागणारी कोरडी-दमट हवेची टक्कर आणि वरच्या थरांतला जोरदार झोत एकाच वेळी आपल्याकडे जुळून येत नाहीत. आपल्या उपखंडात ते जुळतं बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात, वैशाखाच्या आगेमागे. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर-सातुरिया भागात, एका टोर्नेडोने सुमारे १,३०० माणसं मारली. नोंदलेल्या इतिहासातला तो जगातला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो. झोपड्या आणि पत्र्याची घरं, उडणारे पत्रे, आणि इशारा नाहीच.

पत्रा म्हटलं की मला आपली वस्ती दिसते. गोवंडी, मानखुर्द, मालवणी, कुठेही उंचावरून पाहा: पत्र्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर विटा, जुने टायर, फरशीचे तुकडे. खाली पत्रा वाशाला आकड्याने अडकवलेला, तोही निम्म्या ठिकाणी गंजलेला. साठ-सत्तर किलोमीटरच्या झोतात आधी ताडपत्री फुगते, मग वीट घरंगळते आणि खालच्या बोळात चालणाऱ्याच्या डोक्यात पडते. पावसाआधी प्रत्येक आकडा तपासून नवा वायसर घालून घट्ट करणं हे दोन-चारशे रुपयांचं काम. अलाबामातले गंजलेले पट्टे आणि आपले गंजलेले आकडे यांत मला काही फरक दिसत नाही.

आणि पक्कं बांधकाम तरी कुठे सुटतं? १३ मे २०२४ च्या दुपारी घाटकोपरला छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. वादळी वाऱ्याचा तात्काळ इशारा त्या दुपारी दिलेला होता. मुंबईसाठी बांधकामाच्या मानकात ताशी १५८ किलोमीटरचा वारा धरायचा असतो. व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या तपासणीत असं आढळलं की ते होर्डिंग ४९ किलोमीटरच्या वर टिकणारं नव्हतं. पावसापासून आडोसा म्हणून पंपाच्या छपराखाली थांबलेल्या माणसाला कुठल्या ॲपने काय सांगितलं असतं? अंदाजाची अचूकता दुप्पट झाली असती तरी त्या १७ जणांना काही फरक पडला नसता. पाया पक्का असता तर फरक पडला असता.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आपलंच आहे. तौक्ते चक्रीवादळाचा अंदाज कित्येक दिवस आधीपासून होता, मार्ग आणि वेग दोन्ही. तरी १७ मे २०२१ ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच होता. सत्तरच्या आसपास कामगार बुडाले. तिथे वेळ मिनिटांचा नव्हता, दिवसांचा होता. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा रायगडला अतिवृष्टीचा इशारा होता, पण ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण ढिगाऱ्यातच राहिले. जिल्ह्याला दिलेला इशारा डोंगराच्या कुशीतल्या वाडीला, रात्री, झोपेत, काय सांगतो?

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. तेव्हा शहरात डॉप्लर रडार नव्हतं. आज कुलाब्याला आहे, वेरावलीला आहे. मला त्याचं मनापासून समाधान आहे, त्या यंत्रांसाठी अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पण आता पुढची मागणी आणखी एका रडारची नसावी असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक वॉर्डात रात्री उघडणारी, चावी कुणाकडे आहे हे वस्तीला माहीत असलेली महापालिकेची एक पक्की शाळा असावी. होर्डिंगचा, पत्र्यांच्या शेडचा, दरडीखालच्या संरक्षक भिंतींचा दाखला मे महिन्याआधी जागेवर जाऊन तपासलेला असावा. आणि ऑरेंज अलर्टच्या दिवशी कामावर न आलेल्या रोजंदारीवाल्याची मजुरी कापली जाऊ नये. पक्क्या निवाऱ्यांचं काम ओडिशाने करून दाखवलं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी जवळजवळ दहा लाख लोकांना हलवलं आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. अंदाज सुधारले होतेच, पण त्या माणसांना नेऊन ठेवायला किनाऱ्यालगत काँक्रीटचे निवारे बांधून तयार होते.

तुमच्या बहिणीसाठी आता अगदी कामाचं. घराला तळघर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सगळ्यांत खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागणारी, खिडकी नसलेली लहान खोली आजच ठरवून ठेवायला सांगा. जिन्याखालचं कपाट किंवा आतलं न्हाणीघर चालेल. तिथे मुलांची सायकलची हेल्मेटं, प्रत्येकाचे बंद बूट, एक शिटी आणि बॅटरी ठेवावी. टोर्नेडोतले पुष्कळसे मृत्यू डोक्याला मार लागून होतात आणि वादळानंतर अनवाणी पायांत काचा-खिळे जातात. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ झोपण्याच्या खोलीत हवा. वॉच जाहीर झालेल्या रात्री फोन पूर्ण चार्ज करून उशाशी, आवाज चालू ठेवून. भोंगा वाजल्यावर व्हरांड्यात जाऊन आकाश बघायचं नाही, जावईबापूंना हे विशेष करून सांगा, कारण तिकडे घरोघरी पुरुष मंडळी तेच करतात.

ती भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्यावरच्या कुणाशी आधीच बोलून ठेवावं, रात्री दोनला दार वाजवायची वेळ आली तर ओळख असलेली बरी. आणि घर मोबाइल होम प्रकारचं असेल तर वर लिहिलं तेच: वॉच आला की निघायचं, वॉर्निंगची वाट पाहायची नाही. या तिन्हीपैकी तिचं घर कुठलं ते मला कळवा. घराचा साधा हाताने काढलेला नकाशा पाठवलात तर त्यातली कुठली खोली धरायची तेही सांगतो.